हिरकणीवाडीचा दोर, नांदगावचे सूत्र

रायगडाच्या पायथ्याला, पाचाडहून थोडे पुढे, हिरकणीवाडी आहे. गडाचे दरवाजे मिटल्यावर तान्ह्या पोरासाठी कडा उतरून गेलेल्या गवळणीची कथा या नावाला चिकटलेली आहे. १९९६ पासून मात्र वाडीची ओळख म्हणजे रोपवेचे खालचे स्थानक. दोर सुमारे ७५० मीटर लांब, वरच्या आणि खालच्या टोकांत सुमारे ४०० मीटरचा फरक, आणि चार-पाच मिनिटांत ट्रॉली माथ्यावर. गड पाहायला आलेल्याला एवढी माहिती पुरते. गणिताच्या वाटेने जाणाऱ्याला मात्र वेगळाच प्रश्न पडतो: ट्रॉली मध्यावर आली की दोराला झोळ किती पडतो? याचे उत्तर दोन रीतींनी काढता येते. पहिल्या रीतीत ट्रॉलीचे वजन, दोराचा ताण, टोकांमधले अंतर असे सगळे आकडे संगणकाला द्यायचे आणि त्याच्याकडून एक आकडा घ्यायचा. दुसऱ्या रीतीत आकड्यांना थांबवून अक्षरे धरायची. टोकांमधले आडवे अंतर ल, खालच्या टोकापासून ट्रॉलीचे आडवे अंतर क्ष, ट्रॉलीचा भार भ, आणि ताणाचा आडवा घटक त. बलांचा तोल तीन ओळींत मांडला की दोर टोकांच्या जोडरेषेखाली किती उतरतो ते हाती येते: भ × क्ष × (ल − क्ष) ÷ (ल × त). दोराचे स्वतःचे वजन धरले की आणखी एक पद मिळते, आणि त्यातही क्ष × (ल − क्ष) हाच गुणाकार असतो. गंमत अशी की ४०० मीटरचा फरक या सूत्रात कुठेच नाही. दोन्ही टोके सपाट माळावर असती तरी ट्रॉलीपायी पडणारा झोळ तेवढाच पडला असता. चढाचा संबंध येतो तो आडव्या मीटरमागे किती दोर बसतो एवढ्यापुरता. दुसरी गोष्ट, त छेदात आहे. दोर दोन्हीकडे पक्का बांधला असेल तर त स्वतःच ट्रॉलीच्या जागेप्रमाणे बदलतो आणि प्रकरण घनसमीकरणावर जाते. एका टोकाला वजन टांगून ताण जवळपास कायम ठेवण्याची जुनी युक्ती केली तर सूत्र साधेच राहते. संगणकाने दिलेला एकटा आकडा यातले काहीच सांगत नाही.

अक्षरांचे हे काम आता माणसाला हाताने करावे लागत नाही. वस्तूचे वर्णन दिले की तिची समीकरणे मांडणारी, मांडलेली समीकरणे अक्षरांतच सोडवणारी साधने गेल्या साठ वर्षांत तयार झाली. मॅक्सिमा, सिम्पाय, ओपनमॉडेलिका ही त्यांतली खुली, म्हणजे ज्यांचा आतला कोड कुणीही वाचावा आणि बदलावा अशी. त्यांच्याबद्दल बोलताना बहुतेक वेळा ती फुकट मिळतात याचेच कौतुक होते. ते खरे असले तरी माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. अशा साधनांत खुलेपण हवे असते ते वस्तू आणि सूत्र यांच्यामधल्या वाटेचे. आपल्या ज्योतिषगणितात या वाटेला उपपत्ती म्हणत. ती दिसेनाशी झाली की बरोबर सूत्रसुद्धा काही पिढ्यांनी फसवू लागते, आणि ते कुठे फसवते आहे हेही कळत नाही. हे म्हणणे सिद्ध करायला परदेशात जायची गरज नाही. त्याचा सर्वांत चांगला पुरावा याच जिल्ह्यात, हिरकणीवाडीहून डोंगर ओलांडून समुद्राकडे गेल्यावर, मुरुड तालुक्यातल्या नांदगावात आहे.

त्याआधी अक्षरांविषयी थोडे. अज्ञात राशीला अक्षर देऊन गणित मांडणे महाराष्ट्राला कंपनी सरकारच्या शाळांनी शिकवले असा एक समज असतो. पण भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या बीजगणितात यावत्-तावत्, कालक, नीलक अशी अज्ञातांची नावे आहेत आणि त्यांची आद्याक्षरे या, का, नी अशी समीकरणात बसतात. ज्ञात संख्येला रू, आणि ऋण राशीच्या डोक्यावर टिंब. एकाजवळ सहा घोडे आणि ३०० रुपये आहेत, दुसऱ्याजवळ दहा घोडे आणि १०० चे कर्ज, आणि दोघांची मालमत्ता सारखी, हे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. पहिल्या ओळीत ‘या ६ रू ३००’, तिच्याखाली ‘या १० रू १००’ आणि या शंभरावर टिंब, मग घोड्याची किंमत १००. त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा १२०७ चा शिलालेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. आजोबांचे गणित नातवाने दान-जमिनीच्या आधारावर सर्वांपुढे ठेवले, हे मला शिलालेखातल्या स्तुतीपेक्षा महत्त्वाचे वाटते. ‘सर्वांपुढे’ या शब्दाला त्या काळी किती कुंपणे होती, त्याकडे पुढे येतोच.

नांदगावच्या केशव दैवज्ञाचा मुलगा गणेश. त्याचा ग्रहलाघव शके १४४२ चा, म्हणजे १५२० चा. पुढची साडेतीनशेहून अधिक वर्षे महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकातली बरीच पंचांगे त्याच्यावरून होत होती. ग्रंथाच्या यशाचे कारण सरळ आहे: त्याने जोशांच्या पाठीवरचे ओझे उतरवले. कलियुगाच्या आरंभापासूनचे लाखो दिवस मोजण्याऐवजी ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र धरले, त्यामुळे आकडे लहान राहिले. ज्या-कोष्टक, म्हणजे साइनचा तक्ता, त्याने पार काढून टाकला. सूर्याचा मध्यम गतीपासूनचा फरक, मंदफल, काढायची त्याची कृती अशी: भुजांशांना, म्हणजे कक्षेच्या सर्वांत दूरच्या किंवा जवळच्या बिंदूपासून सूर्य जितक्या अंशांवर असेल त्यांना, नऊने भागा, तो भागाकार वीसातून वजा करा, बाकीला त्याच भागाकाराने गुणा, या गुणाकाराचा नवमांश सत्तावन्नातून वजा करा, आणि त्या बाकीने मूळ गुणाकाराला भागा. भुजांश ३० असतील तर भागाकार ३⅓, बाकी १६⅔, गुणाकार ५५.५६, त्याचा नवमांश ६.१७, सत्तावन्नातून बाकी ५०.८३, फळ १.०९३ अंश. भुजांश ९० असले की फळ २.१७९ अंश, हे सर्वांत मोठे. खरा साइन वापरला असता तर ३० अंशांना याच्या निम्मे, १.०९० अंश आले असते. फरक सुमारे १२ विकलांचा. उघड्या डोळ्यांनी किंवा नळीयंत्राने तो कुणाला दिसणे शक्य नव्हते. पाटी-धूळ घेऊन बसलेल्या जोशाला एवढ्या आकडेमोडीत सूर्य सापडे.

ही कृती अक्षरांत मांडली तर काय दिसते? भुजांश क्ष असतील तर वीसातून नवमांश वजा करून नवमांशाने गुणणे म्हणजे क्ष × (१८० − क्ष) ला ८१ ने भागणे, कारण वीस हा १८० चा नवमांश. म्हणजे हिरकणीवाडीच्या दोरात जो गुणाकार आला तोच, फक्त ल च्या जागी अर्धवर्तुळाचे १८० अंश. लीलावतीत जीवा काढण्याचे जे सूत्र आहे, आणि सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने जे साइनसाठी दिले होते, त्याचेच हे रूप. ५७ मध्ये थोडा हात फिरवलेला आहे. दोन्ही ठिकाणी मूळ वक्र निराळा आणि सोयीचा वक्र निराळा. लोंबत्या दोराचा खरा वक्र हायगेन्स, लायब्निझ आणि योहान बर्नुली यांनी १६९१ मध्ये, रायगड मोगलांच्या हाती गेल्यावर दोनच वर्षांनी, छापून आणला. साइन त्याहून पुष्कळ जुना. दोहोंच्या जागी सोपा वक्र उभा करून काम भागते ते त्या गुणाकारामुळे. हे नाते मी गणेश दैवज्ञाला अभियंता ठरवण्यासाठी सांगत नाही. आपल्या पूर्वजांच्या पोथीत सगळे आधीच होते हा उद्योग इतिहासाला आणि गणिताला सारखाच मारक आहे. सांगायचे ते एवढेच की दोन अगदी वेगळ्या वस्तूंचे नाते फक्त अक्षरांत दिसते, आणि ग्रहलाघव पाठ असलेल्या जोशाला ते दिसणार नव्हते. त्याच्यापुढे २०, ५७ आणि ९ होते. ते कुठून आले, हे श्लोकात नव्हते.

गणेशाला हे माहीत होते यात शंका नाही. त्यानेच १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली आणि तिच्यात नियमांच्या उपपत्ती दिल्या. म्हणजे एकाच माणसाने एका ग्रंथात वाट दाखवली, दुसऱ्यात झाकली. दोष त्याला द्यावा असे मला वाटत नाही. करणग्रंथ हा प्रकारच रोजच्या कामाचा, भारतभर असेच लिहिले जात. पण परिणाम चंद्राच्या बाबतीत दिसतो. करणग्रंथांत चंद्राला सूर्यासारखेच एक मंदफल, जास्तीत जास्त सुमारे पाच अंशांचे. खरा चंद्र याहून चंचल आहे: सूर्याच्या ओढीमुळे त्याच्या गतीत आणखी मोठे फेरफार होतात, त्यांतला एक सव्वा अंशाचा. अमावास्या-पौर्णिमेला हा सव्वा अंश मंदफलातून वजा होतो, आणि तेथे सव्वासहातून सव्वा गेल्यावर बरोबर पाचच उरतात. अष्टमीच्या सुमारास मात्र तो मिळवला जातो आणि फळ साडेसातपर्यंत जाते. म्हणजे पाच अंश हा आकडा ग्रहणांवर बेतलेला होता, कारण लोक आकाशाकडे डोळे लावून बसत ते ग्रहणाला. ग्रहणे बरी जुळत, आणि अष्टमीला तिथी दहा-बारा घटका चुकू शके. मुंजालाने दहाव्या शतकात चंद्राला दुसरा एक संस्कार दिला होता, पण रोजच्या पंचांगाच्या वाटेवर तो रुजला नाही. सूत्राबरोबर ते कोणत्या वेधांवरून बांधले हे आले असते, तर निदान कुठे संशय घ्यायचा ते पुढच्याला कळले असते. ग्रहणाला खरे ठरणारे गणित अष्टमीला खोटे का असेल असे कुणाला वाटावे?

हा प्रश्न रायगडाच्या राजकारणापासूनही फार लांब नव्हता. रायरीचा डोंगर १६५६ मध्ये मोऱ्यांकडून घेण्याच्या तीन वर्षे आधीच, शके १५७५ मध्ये, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेला म्हणून ओळखला जाणारा कृष्ण दैवज्ञाचा करणकौस्तुभ तयार झाला. तोही ग्रहलाघवाच्या वळणाचा. पुढे राज्याभिषेकाला ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ चा मुहूर्त, त्या दिवसापासून नवा शक. राज्याची घडी बसवताना काळाची घडीही हातात हवी, हे त्या काळच्या राज्यकर्त्याला चांगले ठाऊक होते. पण नवा करणग्रंथ म्हणजे जुन्याच सूत्रांना नव्या वर्षाचे क्षेपक, म्हणजे आरंभीचे आकडे, जोडणे. चंद्राचे मूळ गणित पुन्हा मांडण्याची मागणी कुणी केली नाही, आणि मधली वाट बंद असताना ती होणे अवघडच होते.

ती मागणी केली अलिबागजवळच्या नागावच्या केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्र्यांनी. ग्रहसाधनाची कोष्टके हे त्यांचे पुस्तक १८६० चे, युरोपीय कोष्टकांवर आधारलेले. पटवर्धनी पंचांग त्यातून उभे राहिले आणि अर्धशतकाहून जास्त चाललेल्या पंचांगवादाला तोंड फुटले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ चा ज्योतिषशास्त्राचा इतिहास त्या वादाच्या धगीतच लिहिला गेला. वादात शास्त्रार्थ पुष्कळ झाला, पण एक गोष्ट फारशी कुणी बोलली नाही. केरूनानांची कोष्टकेही कोष्टकेच होती. ग्रहलाघवाच्या जागी अधिक अचूक आकडे आले, एवढेच. त्या आकड्यांमागची वाट मराठी वाचकाला तेव्हाही बंदच राहिली, आणि विरोधकांचे ‘तुमचे तरी कशावरून खरे’ हे विचारणे दिसते तितके आडमुठे नव्हते.

त्याच १८६० मध्ये पॅरिसला शार्ल दलोने यांच्या चांद्रसिद्धांताचा पहिला खंड निघाला. दुसरा १८६७ चा. दलोने यांनी न्यूटनच्या नियमांपासून निघून चंद्राची गती केवळ अक्षरांत मांडली. एकही आकडा न घालता, शेकडो पदांच्या मालिका, एकामागून एक रूपांतरे; दोन्ही खंड मिळून सुमारे अठराशे पाने आणि हिशेबाला वीस वर्षे. ‘त्याचा उपयोग काय’ असे तेव्हाही विचारले गेलेच, कारण कोष्टके करायला खगोलज्ञ हान्सेन यांचे आकड्यांचे गणित सोपे होते. १९७० मध्ये अमेरिकेत देप्री, आंरार आणि रॉम या तिघांनी संगणकाकडून तेच अक्षरगणित पुन्हा करवून घेतले. संगणकाला सुमारे वीस तास लागले, आणि एवढ्या पसाऱ्यात चुका सापडल्या तीन. या गोष्टीत लोकांना संगणकाचा वेग भावतो. मला त्यातली दुसरी बाजू मोठी वाटते: शंभर वर्षांनंतर चूक नेमक्या कोणत्या पदात आहे हे दाखवता आले, कारण दलोने यांनी प्रत्येक पायरी छापली होती. त्यांनी फक्त कोष्टक दिले असते तर ते चुकले म्हणता आले असते, कुठे चुकले ते नाही. संगणकाच्या अक्षरगणिताला सुरुवातीच्या काळात ज्या गरजांनी ढकलले त्यांत खगोलाची ही गरज होतीच.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. एमआयटीत १९६८ पासून मॅक्सिमाचे मूळ, मॅकसिमा, उभे राहिले. त्याचा व्यापारी अवतार पुढे मागे पडला, पण अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडची एक प्रत टेक्सासचे विल्यम शेल्टर जपत राहिले आणि १९९८ मध्ये ती सर्वांसाठी खुली करण्याची परवानगी त्यांनी मिळवली. २००१ मध्ये शेल्टर गेले, मॅक्सिमा मात्र चालू आहे. सिम्पायमध्ये यंत्रशास्त्राचा एक स्वतंत्र विभाग आहे: सांधे, वस्तुमाने, बले सांगा, तो लाग्रांजच्या किंवा केनच्या रीतीने गतीची समीकरणे अक्षरांत देतो. मॉडेलिका ही भाषा १९९७ ची. तिची मुळे हिल्डिंग एल्मक्विस्ट यांच्या स्वीडनमधल्या १९७८ च्या प्रबंधात आहेत, आणि तिचा खुला अवतार ओपनमॉडेलिका लिनशोपिंग विद्यापीठातून आला. तिथे ‘विद्युतदाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध’ हे नाते म्हणून लिहायचे. कशावरून काय काढायचे हे साधन ठरवते, समीकरणे लावते, गाळते, हवी तिथे विकलन करते.

मराठी मुलखातली या गोष्टीची सर्वांत नेमकी जागा पवई आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने, केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या पैशावर, खुल्या साधनांचा फॉसी प्रकल्प चालला. सायलॅब, ओपनमॉडेलिका यांचा प्रसार हे त्याचे एक अंग. दुसरे अंग म्हणजे ऑस्कॅड. कीकॅड, एनजीस्पाइस आणि सायलॅब यांना एकत्र गुंफून केलेले हे विद्युतमंडले आखायचे आणि तपासायचे साधन; २०१३ मध्ये त्यावर पुस्तक निघाले, आणि आता ते ईसिम या नावाने चालते. मंडल आखून व्होल्टेज काढणारी साधने बाजारात पुष्कळ होती. ऑस्कॅडमध्ये सायलॅबवर रचलेला एक छोटा सिम्युलेटर असा होता की तो आखलेल्या मंडलाची समीकरणे मांडून दाखवी, उत्तर कुठल्या पायऱ्यांनी आले ते विद्यार्थ्याला वाचता येई. रोध, धारित्र, डायोड पडद्यावर जोडायचे आणि प्रत्येक सांध्याचे किरचॉफचे समीकरण समोर. महागड्या साधनांत न मिळणारी ही सोय शिकवणाऱ्यांनी मुद्दाम घातली होती. ग्रहलाघव आणि बुद्धिविलासिनी एका वेष्टनात देण्यासारखेच ते.

यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप ठरलेला आहे: रोपवे बांधणाऱ्याला झोळ किती हे हवे, झोळाचे तत्त्वज्ञान नको. त्याच्याकडे मानके आहेत, भरवशाची साधने आहेत, आणि तपासणारा अधिकारी आहे. मान्य. रोजचे पंचांग करणाऱ्यालाही उपपत्ती नकोच होती, आणि रोजच्या पंचांगापुरते त्याचे काही बिघडले नाही. बिघडते ते परिस्थिती सूत्राच्या हद्दीबाहेर गेल्यावर. दोन्ही टोके बांधलेल्या दोराला वजन टांगलेल्या दोराचे सूत्र लावले, तर येणारा आकडा दिसायला तितकाच देखणा असतो. हद्द कुठे आहे हे अक्षरे सांगतात, म्हणून ती अक्षरे कुठेतरी, कुणाच्या तरी हातात, उघडी असायला हवीत. प्रत्येक अभियंत्याने रोज ती वाचावीत असे कुणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे, आणि तो या साधनांना जवळून ओळखणारेच घेतात. अक्षरांचे गणित फुगते. दोन-तीन सांध्यांच्या यंत्राची समीकरणे पानभर असतात. सहा सांध्यांचा यंत्रहात घेतला तर ती एवढी होतात की कुणीही वाचत नाही, संगणकही त्यांना कापून-जोडून शेवटी आकड्यांच्याच वाटेला लावतो. मग वाट उघडी असून काय उपयोग? इथे दलोनेच आठवतात. त्यांचीही पाने कुणी कादंबरीसारखी वाचली नाहीत. तपासणारा नेमक्या पदावर जातो, एक चल शून्य करून पाहतो, दोन बाजू सारख्या आल्या का एवढेच बघतो. रोपवेच्या सूत्रात भ शून्य केला की ट्रॉलीपायी पडणारा झोळ शून्य व्हायला हवा. पानभर समीकरणालाही हा प्रश्न विचारता येतो. त्यासाठी समीकरण हातात हवे, पूर्ण वाचलेले नसले तरी चालेल. फुगणाऱ्या अक्षरांमुळे या साधनांच्या आवाक्याला मर्यादा येते हे मात्र खरे, आणि जी मोठी यंत्रे आज फक्त आकड्यांनी सोडवली जातात त्यांच्यासाठी माझा युक्तिवाद दुबळा पडतो.

तिसरा आक्षेप महाडच्या मातीत उभे राहून टाळता येणार नाही असा आहे. परवाना खुला असणे आणि माणसाला ती गोष्ट मिळणे यांत अंतर असते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचे ठरवले, आणि तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर जाईपर्यंत त्या ठरावाला पाण्याच्या थेंबाचाही अर्थ नव्हता. त्यानंतरही मार झाला, खटला चालला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. बुद्धिविलासिनीची उपपत्तीसुद्धा संस्कृत शिकण्याची मुभा असलेल्यांनाच खुली होती. हे लक्षात ठेवून पाहिले तर इंग्रजीत दस्तऐवज असलेले, शहरातल्या प्रयोगशाळेत चालणारे खुले साधन हाही एक ठरावच ठरू शकतो. फॉसीच्या बरोबरीने पवईतच चाललेल्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलून दिले, ते म्हणून मला साधनाइतकेच महत्त्वाचे वाटतात. महाडपासून फार लांब नसलेल्या लोणेरेला १९८९ पासून बाबासाहेबांच्याच नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तिथे शिकणाऱ्या पोलादपूरच्या मुलीला रोपवेच्या दोराची समीकरणे सिम्पायमध्ये मांडण्यासाठी कुणाची परवानगी, कुठला पैसा लागत नाही. लागते ते शिकवणारे माणूस, आणि उत्तराबरोबर पायऱ्याही मागणारी परीक्षा.

ती मागणी व्हायला वेळ लागतो. ग्रहलाघवावर उपपत्तीसह टीका लिहिली गोदाकाठच्या गोळगावच्या मल्लारीने, ज्याच्या घराण्यात गणेशाकडे शिकलेला दिवाकर होऊन गेला होता. ग्रंथ होऊन तेव्हा सुमारे ऐंशी वर्षे झाली होती. त्याचा भाऊ विश्वनाथ याने त्याच ग्रंथाला सोडवलेली उदाहरणे जोडली. पुढच्या अडीच शतकांत जोशांनी जवळ बाळगली ती बहुतेक ही उदाहरणेच.